ड्राफ्टच्या जुन्या बॅचचा हिशेब कसा मांडायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची ३० संघांची सिम्युलेटेड लीग बास्केटबॉल जीएम या संगणकावरच्या खेळावर चालते, ज्यात संघाचा जीएम (जनरल मॅनेजर) होऊन खेळाडू निवडायचे असतात. सगळे खेळाडू संगणकाने घडवलेले आहेत आणि बहुतेक संघ माणसंच चालवतात. आठ हंगामांपूर्वीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या दिवशी, तुम्ही आठव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर चढलात, त्यासाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक (निवडीचा हक्क) दिलात आणि १९ वर्षांचा एक उंच फॉरवर्ड घेतलात. रेटिंग, म्हणजे आजची ताकद, ४४; पोटेन्शियल, म्हणजे पुढे कुठवर जाईल याचा अंदाज, ७०. तो कधी बाकावरून उठलाच नाही. त्याच्या पुढच्याच क्रमांकाला गेलेला २२ वर्षांचा गार्ड तिसऱ्या हंगामात ऑल-स्टार झाला, म्हणजे त्या हंगामातल्या निवडक उत्तम खेळाडूंत गणला गेला. दुसऱ्या फेरीत ३८वा गेलेला सेंटर आज लीगच्या पहिल्या दहा खेळाडूंत आहे. त्या ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूंची बॅच तुमच्याकडे ‘फुसकी बॅच’ म्हणून ओळखली जाते आणि तुमची निवड तिच्यातली सगळ्यात वाईट निवड म्हणून. बॅच खरंच फुसकी होती का, आणि मी चुकलो का, असं तुम्ही विचारलंय.

अशा लीगमध्ये मी बरीच वर्षं आधी जीएम म्हणून आणि नंतर कमिशनर, म्हणजे अख्खी लीग सांभाळणारा, म्हणून घालवली आहेत, आणि जुने ड्राफ्ट उकरून काढणं हा माझा सगळ्यात आवडता उद्योग आहे. तुमची फाइल आणि यादी नीट बघितली. बॅच फुसकी नव्हती. त्या फॉरवर्डला घेणं ही चूक नव्हती. चुका दोन झाल्या, एक निवडीच्या आधी आणि एक निवडीनंतर दोन वर्षांनी. कुणी तुम्हाला टोमणे मारतं तेव्हा यातल्या एकीचंही नाव घेत नाही.

आधी बॅचबद्दल. एखादी बॅच चांगली की वाईट हे ठरवताना लोक पहिले पाच क्रमांक आठवतात आणि तिथेच थांबतात. मी एक साधा हिशेब करतो. लीगमध्ये ३० संघ, प्रत्येकाचे सुरुवातीचे पाच खेळाडू, म्हणजे दर हंगामाला सुरुवातीच्या १५० जागा. दर हंगामाला एकच नवी बॅच येते. मग लीग स्थिरावलेली असेल तर सरासरी बॅचच्या वाट्याला तिच्या अख्ख्या आयुष्यात बरोबर १५० ‘सुरुवातीचे हंगाम’ येणार. एक खेळाडू दहा हंगाम सुरुवातीच्या पाचात खेळला तर त्याचे दहा, दुसरा दोनच हंगाम खेळला तर दोन, अशी ही बेरीज. हाच नियम ऑल-स्टारला: दर वर्षी २४ जागा, म्हणून सरासरी बॅचला आयुष्यभरात २४ निवडी. आणि एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, दर वर्षी एक, म्हणून सरासरी बॅचला एमव्हीपीचा किताब एकदाच. कारकीर्द किती वर्षांची धरायची, कोणत्या वयात खेळाडू शिखरावर असतो, असला एकही अंदाज या हिशेबात लागत नाही. म्हणूनच तो मला इतका आवडतो. ड्राफ्ट न झालेले खेळाडू त्यांच्या त्यांच्या वर्षाच्या बॅचमध्ये धरायचे, एवढंच पथ्य. लीग सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही बॅचना मात्र हा हिशेब लावू नका, कारण तेव्हा जागा अडवून बसलेले जुने खेळाडू कोणत्याच ड्राफ्टमधून आलेले नसतात.

तुमच्या यादीतून मी मोजलं. या बॅचचे आठ हंगामांत १०४ सुरुवातीचे हंगाम झालेत आणि १५ ऑल-स्टार निवडी. बॅचमधले खेळाडू आज २७ ते ३० वर्षांचे आहेत, म्हणजे बऱ्याच जणांकडे चांगली चार-पाच वर्षं शिल्लक आहेत. १५० आणि २४ हे दोन्ही आकडे ही बॅच आरामात गाठेल, कदाचित ओलांडेलही. फुसकी हे नाव तिला पडलं ते पहिले तीनही क्रमांक रुतले म्हणून. तिची श्रीमंती खालच्या अंगाला होती, आणि खालचं कुणी बघत नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर नुसत्या जागा मोजून तुमची दिशाभूल होईल. सुरुवातीच्या पाचात दोन प्रकारचे लोक असतात, संघाला ओढून नेणारे आणि दुसरं कुणी नाही म्हणून उभे केलेले. त्यांतला फरक व्हीओआरपीने, म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा हा किती जास्त देतो याच्या आकड्याने, कळतो. हे गणित आधी बीपीएमपासून सुरू होतं: शंभर पझेशनमागे (चेंडू ताब्यात येण्याच्या शंभर खेपांमागे) खेळाडू सरासरीपेक्षा किती गुण वर किंवा खाली आहे. किमान पगारावर कधीही मिळणाऱ्या खेळाडूची पातळी उणे दोन धरतात. समजा एक जण बरोबर सरासरीचा आहे, बीपीएम शून्य, आणि पूर्ण हंगाम ४८ पैकी २४ मिनिटं खेळतो. शून्य आणि उणे दोन यांत अंतर दोनाचं, त्याला अर्ध्या वेळेने गुणा, व्हीओआरपी एक. दुसरा अधिक सहाचा आहे आणि ३६ मिनिटं खेळतो: अंतर आठ, वेळ पाऊण, व्हीओआरपी सहा. म्हणजे कागदावर असे सहा सरासरी खेळाडू मिळून एक स्टार. पण त्या सहांना सहा जागा आणि सहा पगार लागतात, आणि मैदानात एका वेळी पाचच उतरतात. म्हणून बॅच तपासताना मी दोन आकडे शेजारी शेजारी लिहितो: एकूण व्हीओआरपी, आणि त्यातला पहिल्या तिघांचा वाटा. तुमच्या बॅचमध्ये तो वाटा मोठा आहे आणि त्या तिघांतला एक जण ३८वा आहे.

आता निवडीकडे येतो. इथे जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण खेळाचं इंजिन काय करतं हे समजल्याशिवाय ‘चुकलो का’ या प्रश्नाला अर्थच नाही.

पोटेन्शियलचा आकडा म्हणजे खेळाडू कुठवर जाईल याबद्दल इंजिनाने बांधलेला अंदाज. प्लेऑफ, म्हणजे हंगामाच्या शेवटची बाद फेरी, संपले की दर वर्षी उन्हाळ्यात प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक गुणाचं रेटिंग थोडं हलतं, वय बघून आणि बऱ्याचशा नशिबावर. १९ वर्षांच्या मुलासमोर असे अनेक उन्हाळे पडलेले असतात, म्हणून तो कुठेही जाऊ शकतो. २२ वर्षांच्या मुलाचे तीन उन्हाळे सरलेले असतात. म्हणून ४४ आणि ७० या जोडीचा पसारा प्रचंड असतो, आणि ५२ आणि ६० या जोडीचा, म्हणजे तुमच्या पुढच्या क्रमांकाला गेलेल्या गार्डचा, बराच आटोपशीर. बास्केटबॉल संघात सगळ्यात वरच्या खेळाडूचं वजन इतकं असतं की तिसऱ्या क्रमांकाला मी पसाराच विकत घेतला असता. तो गार्ड ७० च्या घरात गेला हेच मुळात अपवादाचं होतं.

माझं म्हणणं मान्य करू नका, स्वतः करून बघा. प्रत्यक्षातल्या कुठल्याही लीगमध्ये जे कधीच शक्य नाही ते इथे शक्य आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या २००३ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या क्रमांकाला डार्को मिलिचिच घेतला, जो पुढे चमकलाच नाही; मागे पुढे स्टार झालेले कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड उरले होते. तो उन्हाळा कुणीही परत चालवून बघू शकत नाही. तुम्ही बघू शकता. तुमच्या कमिशनरकडे ड्राफ्टच्या आदल्या दिवशीची बॅकअप फाइल असेल, तर ती नवीन लीग म्हणून उघडा, आठ हंगाम पुढे न्या, बॅच कशी निघाली ते लिहा. मग तीच फाइल पुन्हा. पुन्हा. फाइल तीच, पण नशिबाचे फासे दर वेळी नवे पडतात.

मी हे पहिल्यांदा केलं तो दिवस अजून आठवतो. आमच्या लीगमध्ये एक गार्ड पहिल्या क्रमांकाला गेला होता आणि सहा वर्षांत सगळ्यांच्या नजरेतून उतरला होता. त्याच्या ड्राफ्टची फाइल मी वीस वेळा चालवली. काही वेळा तो एमव्हीपीच्या शर्यतीत होता. काही वेळा चौथ्या वर्षी लीगबाहेर. बहुतेक वेळा कुठल्यातरी संघात बरा सुरुवातीचा खेळाडू. आमच्या खऱ्या लीगमध्ये जे घडलं ते या वीस गोष्टींतल्या एका कोपऱ्यातल्या गोष्टीसारखं होतं. ज्या जीएमने त्याला घेतलं त्याच्याशी मी त्या रात्री बराच वेळ बोललो. सहा वर्षं तो माणूस स्वतःला दोष देत होता.

बॅकअप नसेल तर ड्राफ्टच्या इतिहासाचं पान उघडा. तिथे प्रत्येकाचं ड्राफ्टच्या दिवशीचं वय, रेटिंग आणि पोटेन्शियल असतं, त्याच्या शेजारी आजचं आणि शिखराचं. तुमच्या बॅचमधलेच नव्हे, आगेमागे दहा ड्राफ्टमधले १९ वर्षांचे, ६५ ते ७५ पोटेन्शियलचे सगळे वेगळे काढा. त्यांतले किती चमकले ते बघा. तुमच्या निवडीची खरी किंमत त्या गठ्ठ्यावरून कळते, एकट्या त्या मुलावरून कळत नाही.

मग पहिली चूक कुठे? आठव्यावरून तिसऱ्यावर चढण्यासाठी तुम्ही जे दिलंत त्यात.

ड्राफ्टमधल्या मुलांचे जे आकडे दिसतात ते नेमके नसतात. स्काउटिंगचा अंदाज म्हणून इंजिन त्यात मुद्दाम थोडी चूक मिसळतं. कुणाचा आकडा खऱ्यापेक्षा वर दिसतो, कुणाचा खाली. आता साठ-सत्तर मुलांतून ज्याचा आकडा तुम्हाला सर्वांत जास्त भावला तोच तुम्ही निवडणार. त्याचा आकडा इतका वर का दिसतो? तो खरंच चांगला असेल, आणि शिवाय त्याच्या बाबतीत चूक वरच्या बाजूला झालेली असेल. यादीच्या टोकाला दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकत्र सापडतात. म्हणून ज्याच्यासाठी जीव टाकावासा वाटतो, त्याच्या आकड्यातून मनातल्या मनात थोडं वजा करायचं आणि मगच किंमत ठरवायची. आपल्याच क्रमांकाला आलेला मुलगा घेताना या फुगवट्याचं फारसं नुकसान होत नाही. त्याच मुलासाठी जास्तीचा पिक मोजताना मात्र फुगवट्याचे पैसे आपल्या खिशातून जातात.

एनबीएत याचं ठळक उदाहरण २०१७ चं आहे. फिलाडेल्फियाने बोस्टनला तिसरा क्रमांक आणि भविष्यातला पहिल्या फेरीचा एक पिक देऊन पहिला क्रमांक घेतला आणि मार्केल फुल्ट्झला निवडलं. बोस्टनने तिसऱ्या क्रमांकाला पुढे स्टार झालेला जेसन टेटम घेतला. फुल्ट्झच्या खांद्याचं दुखणं पुढे आलं आणि त्याचा नेम बिघडला, ते त्या रात्री कुणाला दिसणार नव्हतं. त्या दुखण्याबद्दल फिलाडेल्फियाला बोल लावू नये. पण दोन क्रमांक वर चढण्यासाठी एक अख्खा पिक दिला तो त्या रात्रीच गेला होता, फुल्ट्झ कसाही निघाला असता तरी. तुमच्या बाबतीत दिलेला तो पुढचा पिक अकरावा निघाला आणि समोरच्या संघाने त्यातून सात वर्षं सुरुवातीला खेळणारा माणूस मिळवला. फॉरवर्ड चालला असता तरी ही रक्कम खर्चाच्या रकान्यात राहिलीच असती.

दुसरी चूक जास्त महाग पडली, आणि ती मी फार लोकांना करताना बघितली आहे. तुमच्या फॉरवर्डचे आकडे वर्षावर्षाने असे आहेत: १९ व्या वर्षी ४४ आणि ७०. विसाव्या वर्षी ४५ आणि ६५. एकविसाव्या वर्षी ४७ आणि ५८. पोटेन्शियल दर उन्हाळ्यात खाली येतंय, कारण जो उन्हाळा वाढीविना गेला तो परत मिळत नाही. एकविसाव्या वर्षी तो तिसऱ्या क्रमांकाचा हिरा राहिलेला नव्हता. पुढे जाऊन बाकावरचा बरा खेळाडू होईल असा मुलगा होता. लीगमधल्या बाकीच्यांच्या डोक्यात मात्र तो अजून ‘तिसऱ्या क्रमांकाचा’ होता. त्या उन्हाळ्यात त्याच्या बदल्यात तुम्हाला पहिल्या फेरीतला एखादा मधला पिक नक्की मिळाला असता. तुम्ही थांबलात, चौथ्या वर्षापर्यंत, आणि वर त्याला दुसरा करारही दिलात. तो करार देताना तुम्ही मनात ७० धरून पगार मोजलात, आणि समोर होते ५१.

ड्राफ्टचा पिक हा एकच निर्णय असतो असं आपण धरून चालतो. माझ्या अनुभवात ते चार-पाच निर्णय असतात: तिथवर पोहोचायला काय मोजलं, कुणाला घेतलं, पहिल्या दोन उन्हाळ्यांनंतर ठेवलं की सोडलं, मिनिटं किती दिली, दुसरा करार केला का. यांतला ‘कुणाला घेतलं’ तेवढा सगळ्यांना दिसतो, कारण त्या रात्री लीगमधले सगळे जण समोर असतात. बाकीचे शांतपणे होऊन जातात. प्लेऑफ संपले की रेटिंग बदलतात, त्यानंतर लगेच ड्राफ्ट असतो, आणि मधल्या काळात ट्रेड (संघांमधली खेळाडूंची आणि पिकांची अदलाबदल) खुले असतात. वर्षातली ती मधली वेळ मी फक्त आपल्या तरुण खेळाडूंची फेरतपासणी करायला ठेवतो. त्याला आज, याच आकड्यांवर, कुठल्या क्रमांकाला घेतलं असतं? उत्तर विसाव्यानंतरचं आलं आणि बाजारात त्याला अजून दहाव्याचा भाव असेल, तर मी फोन उचलतो.

मिनिटांबद्दल तुम्ही विचारलं होतं: बाकावर बसवल्यामुळे त्याची वाढ खुंटली का? बास्केटबॉल जीएममध्ये खेळायला किती मिळालं याचा प्रगतीशी संबंध नसतो, प्रशिक्षणावरच्या खर्चाचा असतो. काही इतर सिम्युलेटरमध्ये मिनिटांचाही परिणाम होतो, तिथे हिशेब बदलेल. तुमच्याकडे नाही, तेव्हा ती रुखरुख सोडून द्या.

३८व्या सेंटरला तुम्ही हातचं जाऊ दिलंत असं तुमच्या लीगमध्ये बोललं जातं, तेही तपासून घ्यावंसं वाटतं. ज्या संघाने त्याला घेतलं त्याने त्याच रात्री २१व्या क्रमांकाला दुसरंच कुणीतरी घेतलं होतं, हे तुमच्या यादीत आहे. त्यांना खात्री असती तर ते १७ क्रमांक थांबले नसते. २०१४ मध्ये डेन्व्हरने पुढे एमव्हीपी झालेल्या निकोला योकिचला ४१वा घेतला, पण त्याच रात्री युसुफ नुर्किच हा दुसरा सेंटर त्यांच्याकडे १६व्या क्रमांकाने आधीच आलेला होता. योकिचसारखी निवड कुणाच्याही वाट्याला येवो, ती आनंदाची गोष्ट आहे. पण ३० पैकी ३० संघांनी ज्याला पहिल्या फेरीत सोडलं त्याच्यासाठी एकट्या तुम्हाला जबाबदार धरणं अन्यायाचं आहे. त्या सेंटरची ड्राफ्टच्या दिवशीची रेटिंग बघा: उंची भरपूर, रिबाउंड बरे, नेमबाजी नावाला, वय २१. असे तीन-चार जण प्रत्येक ड्राफ्टमध्ये असतात आणि बहुतेक चौथ्या वर्षापर्यंत दिसेनासे होतात.

पुढच्या ड्राफ्टपासून एक सवय लावून घ्या. निवड करायच्या आधी तीन ओळी लिहून ठेवा: कोण, का, आणि त्याच्या मागे तुमच्या यादीत कोण होतं. एका जुन्या ड्राफ्टबद्दल मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो की मला तो दुसरा गार्ड हवा होता, आमच्या आधीच्या संघाने तो पळवला. एकदा त्या रात्रीची वही सापडली. माझ्या यादीत तो नववा होता. मी खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तसं आठवत होतं. तेव्हापासून लिहिलेल्या ओळीशिवाय मी कुठल्याच ड्राफ्टबद्दल मत देत नाही, ना माझ्या, ना दुसऱ्यांच्या.

आणि शेवटी, तुमच्या फॉरवर्डबद्दल. तो आता २७ वर्षांचा आहे आणि त्याचा करार या उन्हाळ्यात संपतोय, तुम्ही तो सोडून देणार म्हणता. सोडण्याआधी त्याचं पान उघडून एकेक गुण बघा. वेग आणि उडी आता वाढणार नाही, हळूहळू उतरेल. उंची आहे तेवढीच आहे. पण थ्री-पॉइंटरचं रेटिंग गेली तीन वर्षं सलग चढतंय, आणि नेमबाजी या इंजिनात तिशीपर्यंत आणि पुढेही टिकते. उंच, कोपऱ्यात उभा राहून नेम साधणारा, बाकावरून २० मिनिटं देणारा माणूस तुमच्या संघात आज नाही. लीगमध्ये त्याला ‘फसलेला तिसरा’ म्हणतात, त्यामुळे फ्री एजंट (करारातून मोकळा झालेला खेळाडू) म्हणून त्याच्यामागे कुणी धावणार नाही. किमान पगाराच्या थोडं वर, दोन वर्षांचा करार. या वेळी ५३ बघून मोजा.